बॉनेटखालचा शेंदूर

पितृपक्षात आमच्या गावाला बाहेरची माणसं फार येतात. देवास गेटच्या बसस्थानकावर उतरणारी कुटुंबं पाहिली की लगेच कळतं, ही नुसत्या दर्शनाला आलेली नाहीत. मुलाच्या खांद्यावर नवा पंचा असतो, बरोबरची बाई कापडी पिशवी छातीशी धरून चालत असते. रिक्षावाले त्यांना फारसं न विचारता नदीवरच्या राम घाटाकडे नेतात. त्या पंधरवड्यात जो तो आपल्या गेलेल्या माणसासाठी काहीतरी करत असतो, आणि काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. तीळ, जव, दर्भ, पिंड, मग कावळ्याची वाट.

मला त्या वर्षी करायला काही नव्हतं.

हे गेले पौषात, सकाळी, दाढी करताना. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. आमच्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी पक्ष घालत नाहीत. वर्षश्राद्ध झालं की तो पितरांमध्ये मिसळतो, त्याआधी नाही. मी गुरुजींना फोन करून विचारलं, निदान एक पान तरी वाढू का. ते म्हणाले, "नको वहिनी. यंदा त्यांच्यासाठी काही नाही. अजून ते वाटेवर आहेत असं समजा."

मी आयुष्यभर मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. असली वाक्यं मी फळ्यावर लिहून त्यांचा अन्वय लावत आले. पण फोन ठेवल्यावर मी ओसरीत जाऊन बसले, आणि समोर पोर्चमध्ये ह्यांची गाडी उभी होती. तेव्हा मला वाटलं, वाटेवरच्या माणसाचं एवढं तरी काम करता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं इंजिन साफ करायला घेतलं.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगायला हवं.

माझे सासरे साताऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे, हिंदी मुलखात, आले आणि इथलेच झाले. ह्यांचा जन्म इथला, शाळा इथली, बँकेची नोकरीही बहुतेक इथेच. मी वाईची. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांचं मराठी ऐकून मला हसू आवरत नसे. "जरा कपडा मारून घेतो," म्हणायचे, म्हणजे पुसून घेतो. पिशवीला पन्नी म्हणायचे. मी दुरुस्त करायची आणि ते तेवढ्यापुरतं "पिशवी, पिशवी" म्हणून पुन्हा पन्नीवर यायचे. पुढे मीही माझ्या नकळत भाजीवाल्याला पन्नी मागायला लागले, तेव्हा त्यांनी मला सोडलं नाही. "वाईकर हरल्या," एवढंच म्हणाले.

गाडी त्यांनी फार उशिरा घेतली, मुलगी शाळेत असताना. छोटीशी, राखाडी रंगाची. बाहेरून ती धुण्याचा त्यांना कंटाळा होता. ते काम कधी मुलगी करायची, कधी पाऊस करायचा. पण वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते बॉनेट उघडून सकाळपासून बसायचे. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. सासरे असताना ते आपला कंदील आणि शिट्टी पाटावर मांडायचे. ह्यांच्याकडे बँकेतलं काय मांडणार? पेन मांडायची त्यांना लाज वाटायची. गाडी आली आणि त्यांना त्यांचं अवजार मिळालं. पाटावर मांडायचं तर ते चकचकीत हवं, म्हणून ही सफाई.

त्याची एक पद्धत त्यांनी बसवली होती. इंजिन गार असलं पाहिजे, म्हणून आदल्या संध्याकाळपासून गाडी हलवायची नाही. आधी बॅटरीची काळी तार सोडायची. मग पाण्याने बिघडेल अशा प्रत्येक भागावर पन्नी चढवायची: बॅटरीवर, अल्टरनेटरवर, वायरींच्या जोडांवर, आणि इंजिनात हवा ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडावर. ही नळी पुढच्या दिव्याच्या मागे आडोशाला असते. प्रत्येक पन्नी ते पूजेच्या लाल-पिवळ्या धाग्याने बांधायचे. त्याला इथे लच्छा म्हणतात, देवघरात त्याचं रीळ असतंच. गाठीला वीतभर शेपूट सोडायचे. "आता ही पन्नी विसरून दाखव," असं ते स्वतःलाच सांगायचे. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने काळं तेलकट चिकटलेलं सोडवायचं, इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीने साबणाचं पाणी फवारायचं, आणि पुसायचं. पुसायचं, पुसायचं, दुपार होईपर्यंत पुसायचं. धुवायचं नाही. धुवायचं म्हटलं की ते चिडत. शेवटी रबरी नळ्यांना ग्लिसरीनचा हात.

दसऱ्याला सकाळी पूजा. सासूबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन यायच्या, पण ह्यांना शेंदूर हवा असे. लहानपणापासून इथल्या देवळांतून मूर्तींवर शेंदराचा जाड लेप, म्हणजे चोळा, चढवलेला पाहिलेला. वाटीत शेंदूर घेऊन त्यात तिळाचं तेल घालायचे, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने एकच ठसा. तोही बाहेर कुठे नाही, तर बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या काळ्या चौकोनी डब्याच्या झाकणावर. तो भाग तापत नाही, आणि गाडी तिथून श्वास घेते, असं त्यांचं म्हणणं.

"अरे, गाडीला चोळा चढवतोयस का?" सासूबाई म्हणायच्या.

"बाहेर लावला तर पावसात जातो. आत वर्षभर राहतो," हे म्हणायचे.

आणि राहायचाही. पुढच्या खंडेनवमीला तो पुसून काढायचे आणि दसऱ्याला नवा लावायचे.

आता सगळं कळेल. पौषात हे गेले. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब राहतात, सगळी गल्ली त्यांना ह्याच नावाने हाक मारते. ते दर रविवारी येऊन गाडी चालू करून ठेवायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. मला गाडी येत नाही. मुलगी पुण्यात, तिच्याकडे तिची गाडी आहे. तिच्या शाळेतली एक मैत्रीण इथेच माधव नगरला राहते, शिक्षिका आहे, तिला गाडी हवी होती. पितृपक्षात नवीन काही घेत नाहीत, म्हणून घटस्थापनेला न्यायचं ठरलं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. लोखंडाचा मला लोभ नाही.

ठरल्यानंतरच्या एका रविवारी, मी गुरुजींशी बोलले त्याच दिवशी, गार्डसाहेबांनी पाणी बघायला बॉनेट उघडलं, आणि मी सहज डोकावले. आत धूळ, पावसाळ्यात अडकलेला पालापाचोळा, कोळ्याची जाळी. आणि डब्यावर तो ठसा. कडेने सुकून काळपट झालेला, मध्ये अजून केशरी. अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. एका बाजूला एक तिरकी पट्टी कोरी होती, तिथे शेंदूर उठला नव्हता. ह्यांचा अंगठा एकदा विळीवर कापला होता, त्या व्रणाची जागा.

घरात त्यांचे फोटो आहेत, सही आहे, चष्मा आहे. हे सगळं त्यांचं होतं. पण हा ठसा म्हणजे त्यांनी दाबलेला अंगठा होता. मी गार्डसाहेबांना म्हटलं, बंद करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बॉनेट खाली घेतलं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी विषय काढला.

"त्या डब्याचं झाकण वेगळं मिळत असेल ना गं?"

"कुठल्या डब्याचं?"

"एअर फिल्टरच्या. नवीन झाकण गाडीला लावायचं, आणि हे आपण ठेवायचं."

"ठेवायचं म्हणजे कुठे? शोकेसमध्ये? माझ्या वक्तृत्वाच्या कपाशेजारी?"

मग तीच म्हणाली, "मेकॅनिकला विचारून बघ. मिळेल. न मिळायला काय झालं."

"आणि देण्याआधी मी इंजिन साफ करून देणार आहे."

"आई, सर्व्हिसिंगला दे ना. प्रेशरने पाणी मारतात, अर्ध्या तासात चकाचक."

"प्रेशरने पाणी आत जातं. धुवायचं नसतं, पुसायचं असतं."

"हे तू नाही बोलत आहेस," ती म्हणाली. "हे बाबा बोलतायत." आणि मग घाईने, उद्या फोन करते म्हणून तिने ठेवला.

तर अशी मी त्या सकाळी जुनं पातळ कमरेला खोचून बॉनेटसमोर उभी राहिले. बॉनेट उचलून दांडी लावायला गार्डसाहेब आले होते. बॅटरीची तारही त्यांनीच सोडून दिली. "कुछ लगे तो आवाज़ देना, भाभीजी," म्हणून ते भाजी आणायला गेले.

डिझेल, ब्रश, इस्त्रीची बाटली सगळं डिकीत जिथल्या तिथे होतं. फडकीही होती, ह्यांच्या जुन्या बनियनची, धुऊन घडी केलेली. गाडीचं फडकं गाडीत, हा त्यांचा नियम. चुकून एखादं घरातल्या फडक्यांत मिसळलं की ते ओरडायचे, आणि घरातलं गाडीत गेलं की मी.

पिशव्या मी स्वयंपाकघरातून आणल्या, भाजीच्या पातळ पांढऱ्या. धाग्यासाठी देवघरापर्यंत गेले. लच्छ्याचं रीळ तिथेच होतं, अर्ध्याहून जास्त शिल्लक. माझा हात पुढे होईना. वर्षभर घरात सण नाही, मंगल काही नाही, आणि तो धागा म्हणजे मनगटावर बांधायचा, कलशाला बांधायचा. शास्त्रात असं काही नसेल. इंजिनातल्या पिशवीला लच्छा बांधला म्हणून कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण दुखवट्यातल्या घराला जी सवय लागते ती शास्त्राला विचारत नाही. मी देवघराचं दार लावलं आणि शिवणाच्या डब्यातून पांढरं रीळ घेतलं.

सगळ्या पिशव्या मी त्याने बांधल्या. बॅटरी, अल्टरनेटर, वायरींचे जोड. दिव्यामागच्या नळीपर्यंत हात पोचेना, म्हणून बोटांच्या टोकांनी पिशवी चढवून कशीबशी गाठ मारली. पांढऱ्या पिशवीवर पांढरा दोरा. शेपूट सोडायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. राहिलं असतं तरी ते दिसलं नसतं.

आणि ठशावर मी एक स्टीलची वाटी उपडी घातली.

मग काम सुरू केलं. हे काम ह्यांना का आवडत असेल ते मला त्या दिवशी थोडं कळलं. त्यात माणसाला विचार करायला जागा राहत नाही आणि तरी डोकं रिकामं होत नाही. ब्रश एखाद्या खोबणीत घातला की वर्षाचा काळा लेप सुटून येतो, आणि खाली धातूचा खरा रंग दिसतो. एका कोपऱ्यात मला चिंचेची सुकलेली पानं सापडली. चिंचेचं झाड आमच्या गल्लीत नाही. गाडी कुठे तरी चिंचेखाली उभी राहिली असणार, गेल्या थंडीच्या आधी, आणि मला आठवेना आम्ही कुठे गेलो होतो. बराच वेळ मी ती पानं हातात घेऊन आठवत राहिले. देवासला? ओंकारेश्वरला जाताना चहा प्यायलो तिथे? हे असते तर लगेच सांगितलं असतं. रस्ते त्यांना पाठ असत, आणि मला रस्त्यात वाचलेलं पुस्तक तेवढं आठवायचं.

डब्याशी आले तेव्हा वाटीभोवतीने पुसलं. चारही बाजू, खालच्या क्लिपा, वाटीच्या कडेपर्यंत. वाटी उचलून पाहिली. ठसा जसाच्या तसा होता. पुन्हा झाकला.

दुपारी सगळं वाळल्यावर मी पिशव्या सोडल्या, रबरी नळ्यांना ग्लिसरीन लावलं, वाटी काढून घेतली. आतलं सगळं ओळखू येईना इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि मधोमध तो केशरी अंगठा. दसऱ्याच्या सकाळी दिसायचं तसंच. फरक एवढाच की एरवी सफाई झाल्यावर ठसा लागायचा, आणि ह्या वेळी तो आधीपासूनच होता. मनात आलं, ह्यांनी मात्र हा पहिल्या फटक्यात पुसला असता. दर वर्षी पुसतच होते. त्यांना जुन्या ठशाचं काही नव्हतं, कारण उद्या नवा लागणार होता.

गार्डसाहेब आले, तार जोडली, आत बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, घुसमटल्यासारखा आवाज करून बंद पडली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर नुसतीच कण्हली.

"पानी गया लगता है अंदर," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून लगेच, "नहीं नहीं, छोटी-मोटी बात होगी. देवास गेट से अपने वाले को बुला लेते हैं."

अपने वाले म्हणजे त्यांच्या स्कूटरचा आणि आमच्या गाडीचा जुना मेकॅनिक. स्वभावाने बोलका. तो आला तेव्हा ऊन उतरत होतं. आत डोकावला आणि त्याने शीळ घातली.

"अरे वा अम्माजी! बाबूजी होते तो कहते, नौकरी पे रख लो."

"चालू तो कर पहले," गार्डसाहेब म्हणाले. "तारीफ़ बाद में."

"चालू तो होगी. अम्माजी के हाथ की धुली है, बिना चाय के थोड़ी होगी."

मी हसले आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत मी त्याला विचारायचं वाक्य मनात जुळवत होते. भैया, ये फिल्टर के डब्बे का ढक्कन अलग से मिलेगा क्या. पुराना वाला मुझे रखना है. का, असं त्याने विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवत होते. खरं सांगायचं ठरवलं. हिंदीत ते सोपं जाईल असं वाटलं. मराठीत मला ते वाक्य पूर्ण करता येत नव्हतं.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा डबा उघडलेला होता. झाकण इंजिनाच्या कडेला उताणं ठेवलेलं, आणि मेकॅनिकचा हात नळीत. त्याने दोन बोटांत धरून काहीतरी हळूहळू बाहेर ओढलं. माझी भाजीची पिशवी होती ती, चोळामोळा झालेली, दोऱ्यासकट.

"ये लो. साँस की नली में थैली! गाड़ी चालू करते ही अंदर खिंच गई. बाहर से तो दिखती भी नहीं."

"भाभीजी," गार्डसाहेब म्हणाले, "गाड़ी को पन्नी खिला दी आपने?"

दोघं मोठ्याने हसले. मीही हसले, कप खाली ठेवायला जागा शोधत. मग मेकॅनिकने झाकण उचलून सुलटं केलं आणि डब्यावर बसवलं. क्लिपा लावल्या. झाकण काळंभोर, स्वच्छ होतं. त्यावर काही नव्हतं.

मी त्या झाकणाकडे बघत राहिले असणार, कारण तो म्हणाला, "खोलने से पहले पोंछना पड़ता है अम्माजी, नहीं तो कचरा अंदर गिरता है. थोड़ा सिंदूर लगा था, निकल गया. डीज़ल वाला कपड़ा था ना." आणि लगेच, "दशहरे पे नया लगा लेना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. डबा उघडण्याआधी पुसायचा असतो. ह्यांनीही पुसला असता. माझ्याच फडक्याने, मीच डिझेलमध्ये भिजवून बॉनेटच्या कडेला ठेवलेल्या फडक्याने त्याने तो पुसला होता. गार्डसाहेबांना मात्र काहीतरी कळलं असावं. ते मेकॅनिकला म्हणाले, "चल, चाय पी ले, ठंडी हो रही है."

गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. आवाज अगदी सरळ होता.

ते दोघं गेल्यावर मी ते फडकं उचललं. बनियनच्या पाठीचा तुकडा. त्यावर एक केशरी फराटा होता, तळहाताएवढा. त्यात रेषा नव्हत्या, व्रण नव्हता, नुसता रंग. मी ते घेऊन नळाखाली बसले. कशासाठी, ते तेव्हा ठरवलं नव्हतं. फडकी धुऊन वाळत घालणं हा कामाचा शेवटचा भाग होता आणि तो राहिला होता, एवढंच. साबण लावला, घासलं, पाणी केशरी होऊन वाहिलं, मग फिकट, मग नुसतं पाणी. तेलातला शेंदूर कापडातून पुरता जात नाही. वाळल्यावर दोरीवर ते मी पाहिलं तर एक पिवळट डाग तसाच होता.

ते फडकं ठेवून घ्यावं असं मला वाटलं. कपाटात, ह्यांच्या सदऱ्यांमध्ये. मी घडी करून ते हातात घेऊन कपाटापर्यंत गेलेही. दार उघडलं. मग ह्यांचं ओरडणं आठवलं, गाडीचं फडकं घरात कोणी आणलं म्हणून. डिझेलचा वास त्याला अजून येत होताच. सगळ्या सदऱ्यांना लागला असता. मी दार लावलं आणि फडकं डिकीत नेऊन ब्रशशेजारी ठेवलं.

सर्वपित्रीला सकाळी घाटावरून परतणारी माणसं आमच्या रस्त्याने गेली. मी ओसरीत उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. आमच्या भिंतीवर कावळे बसले होते, शेजारच्या घरच्या पानाकडे लक्ष ठेवून.

दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला मुलीची मैत्रीण तिच्या नवऱ्याबरोबर आली. हातात पेढे होते. आत येऊन ते कुठे ठेवायचे हे तिला समजेना, आमच्याकडे त्या वर्षी गोडधोड नाही हे तिला ठाऊक होतं. मी ते तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवले, तेव्हा तिला जरा मोकळं वाटलं. नवऱ्याने बॉनेट उघडलं आणि दोघं बघतच राहिली.

"काकू, हे शोरूममधून आणल्यासारखं दिसतंय."

"ह्यांचा तसा नियम होता. खंडेनवमीला करायचे."

मी आत जाऊन देवघरातून लच्छ्याचं रीळ आणलं आणि तिच्या हातात दिलं. ह्या वेळी हात सहज गेला. कदाचित ते दुसऱ्याच्या घरी जाणार होतं म्हणून. "सफाई करताना पिशव्या बांधाल ना, तर ह्याने बांधा," मी म्हटलं. "आणि लांब शेपूट ठेवा. पांढरा दोरा नको."

ती हसली. "काकू, मी कुठली इंजिन साफ करणार? मला शाळेच्या वह्या पुरतात."

"बरं, नको करूस. पण डिकीत असू दे."

डिकी उघडल्यावर तिला फडकी दिसली. वरचंच तिने उचललं. "हे तुमचं राहिलंय वाटतं. ह्याला हळदीचा डाग पडलाय."

"नाही," मी म्हटलं, "ते गाडीचंच आहे."

तिने ते परत ठेवलं. तिच्या नवऱ्याने चाकाखाली लिंबं ठेवली आणि गाडी फाटकातून बाहेर काढली. गार्डसाहेब आपल्या दारात उभे राहून, कोणी सांगितलेलं नसताना, गाडी वळेपर्यंत हात हलवून रस्ता मोकळा असल्याची खूण करत होते. आयुष्यभराची सवय. मग पोर्चच्या फरशीवर तेलाचा जुना काळा गोल तेवढा उरला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"गेली?"

"गेली."

"सुरू झाली ना नीट?"

"हो. पहिल्या फटक्याला."

"आणि ते झाकण? मिळालं नवीन?"

"विचारायचं राहिलं," मी म्हटलं. "आहे तेच लावून दिलं."

"म्हणजे बाबांचा ठसा?"

"तोही गेला. गाडीबरोबर."

"बरं केलंस," ती म्हणाली, पण तिचा आवाज बरोबर नव्हता. तिच्याकडे, पुण्यात, कुठल्या तरी घरात आरती चालली होती, टाळ्या आणि झांजा फोनमधून ऐकू येत होत्या, आणि ती संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. आमच्याकडे त्या वर्षी घट बसले नव्हते.